घड्याळाने न मोजलेले सेकंद

हिवाळ्यात शेतातली गर्दी ओसरली की यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांत पटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, चर्चा सुरू होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट तर विदर्भभर नावाजलेला. आमच्याकडच्या पटात जोडी सुटते, ती हाकणारा धुरकरी ओरडतो, धूळ उडते, आणि धूळ खाली बसायच्या आत माइकवरून आकडा येतो. इतके सेकंद आणि त्यापुढे इतके शतांश. त्या आकड्यावर कुणी वाद घालत नाही. वाद बैलांच्या दातांवर होतो, गटावर होतो, जोडी कुणाच्या नावावर उतरवली यावर होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या मे महिन्यात शर्यतींवर बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरमध्ये अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. या मधल्या वर्षांतही गावोगावच्या पारावर कुणाच्या जोडीनं किती सेकंदांत पट मारला होता, हे आकडे लोकांच्या तोंडी पाठ होते.

या माणसांना सायकलच्या बहुटप्पा शर्यतीचा निकाल समजावून सांगायला बसलं, तर ते पहिल्या पाच मिनिटांत उठून जातील. कारण तिथं असं होऊ शकतं की सगळे टप्पे मिळून ज्यानं कमी वेळ घेतला तो हरतो आणि ज्यानं जास्त वेळ घेतला तो जिंकतो. त्यात चोरी नसते, घड्याळात बिघाडही नसतो. नियमच तसा असतो. त्या नियमाचं नाव टाइम बोनस.

बोनस हा शब्द आपल्याकडे परका नाही. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हापासून इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी तो बसला. काट्यावर कापूस मोजला, हमीभावानं पैसे मिळाले, आणि पुढे कापूस खरेदी करणाऱ्या फेडरेशनला नफा झाला तर वर बोनस. वजन तेच राहायचं, हातात पडणारी रक्कम बदलायची. सायकल शर्यतीतलं गणितही असंच आहे. रस्त्यावर लागलेला वेळ म्हणजे काट्यावरचं वजन. टप्पा जिंकणाऱ्याच्या एकूण वेळेतून दहा सेकंद वजा करतात तो बोनस. शेवटी निकाल लागतो तो खात्यावरच्या रकमेवर, वजनावर नाही.

पण मुळात ही गरज का पडली? पटात का नाही पडत?

पटात घड्याळासमोर जोडी एकटी असते. दुसऱ्या जोडीच्या आडोशाला राहून पळायची सोय नाही. सायकलस्वाराला ती असते. वेगात सायकल चालवताना त्याची बहुतेक ताकद वारा फोडण्यात जाते. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलं की हे ओझं एकदम हलकं होतं. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनचे संशोधक बर्ट ब्लोकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेत वाऱ्याचा विरोध जेमतेम ५ ते १० टक्के सोसावा लागतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे पुढचे राबतात, मधले आरामात येतात आणि शेवटच्या रेषेवर सगळे एकत्र पोचतात. घोळक्यात शंभर जण असले आणि त्यांच्यात ठरलेल्यापेक्षा मोठी फट पडली नाही, तर पहिल्याला आणि शंभराव्याला एकच वेळ देतात. हे अन्यायाचं वाटलं तरी शहाणपणाचं आहे. नाहीतर एकेका सेकंदासाठी शंभर जण शेवटच्या वळणावर एकमेकांच्या अंगावर पडतील.

आता यजमान गावाच्या बाजूनं विचार करा. दिवसभर रस्ते बंद ठेवले, शाळेची मुलं झेंडे घेऊन उभी केली, आणि संध्याकाळी निकाल काय, तर सगळे सारखे. एकूण क्रमवारीत तसूभर फरक नाही. मग उद्या कोण बघायला येणार?

हा पेच ज्याला सर्वांत आधी पडला तो आंरी देग्रांज. लोतो या फ्रेंच वर्तमानपत्राचा हा संपादक. १९०३ मध्ये त्यानं पेपरचा खप वाढवायला टूर दे फ्रान्स ही बहुटप्पा शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी टप्पे फक्त सहा. पण एकेक टप्पा इतका लांब, की विजेता मोरिस गारँ आणि दुसरा यांच्यात जवळजवळ तीन तासांचं अंतर पडलं. अशा शर्यतीत बोनसची कुणाला गरज? पुढे रस्ते सुधारले, टप्पे लहान झाले, संघ घट्ट झाले आणि स्वार एकमेकांच्या सावलीत येऊ लागले. देग्रांजला हे पटेना. त्याच्या मते शर्यत म्हणजे एकट्या माणसाची परीक्षा. घोळक्यात लपून येणं त्याला फसवणुकीसारखं वाटे. स्वभावानं तो हट्टी होता. नियम करायचा, मोडायचा आणि पुन्हा करायचा.

१९२३ मध्ये त्यानं टप्पा जिंकणाऱ्याला दोन मिनिटांचा बोनस दिला. पुढच्या वर्षी तीन मिनिटं. तेवढ्यानं समाधान झालं नाही, तेव्हा १९२७ मध्ये बऱ्याचशा सपाट टप्प्यांवर त्यानं संघ पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं सोडले. म्हणजे जवळजवळ पटच! प्रत्येक जोडी वेगळी, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. कल्पना तर्काला धरून होती, पण रस्त्याकडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकाला कोण पुढे आणि कोण मागे हेच कळेना. दोन वर्षांत हा प्रयोग गुंडाळावा लागला. पट एका शेतात होतो आणि आकडा लगेच माइकवर येतो. दीड-दोनशे किलोमीटरच्या रस्त्यावर तो आकडा कोण कुणाला सांगणार?

मग पुन्हा बोनस, आणि या वेळी सढळ हातानं. १९३२ मध्ये टप्प्यातल्या पहिल्या तिघांना ४, २ आणि १ मिनिट. फ्रान्सचा आंद्रे लेद्युक टप्पे पटकावण्यात पटाईत. त्यानं सहा टप्पे मारले आणि जर्मनीच्या कुर्ट श्टोपेलपेक्षा २४ मिनिटं ३ सेकंदांनी पुढे राहून शर्यत जिंकली. निकाल वाचणाऱ्याला वाटावं, केवढा एकतर्फी विजय! पण खतावणी उघडली की दिसतं, लेद्युकच्या खात्यात ३१ मिनिटांचा बोनस जमा आहे आणि श्टोपेलच्या खात्यात ७. वजाबाकी करा. रस्त्यावरचं खरं अंतर उरतं तीन सेकंद. जवळजवळ चार आठवड्यांच्या शर्यतीत तीन सेकंद! श्टोपेल बिचारा इतिहासात चोवीस मिनिटांनी हरलेला म्हणून राहिला.

मला वाटतं, बोनस या कल्पनेतला सगळा धोका या एका निकालात दिसतो. दोष बोनसचा कमी, त्याच्या मापाचा जास्त. मीठ चिमटीनं घालायचं असतं. देग्रांजनं ओंजळीनं घातलं.

आज माप बरंच चिमटीवर आलंय. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांत नेहमीचं माप असं: टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना १०, ६ आणि ४ सेकंद, वाटेतल्या स्प्रिंटला, म्हणजे मधल्या ठरलेल्या रेषेपर्यंतच्या धावेला, ३, २ आणि १. टाइम ट्रायलला, म्हणजे स्वार एकेकटे सुटतात त्या टप्प्याला, बोनस नाही. तिथं घड्याळ स्वतःच न्याय करतं. टूर दे फ्रान्सनं २००८ ते २०१४ या काळात टप्प्याअखेरचे बोनस बंदच ठेवले होते. २०१५ मध्ये ते परत आले. २०१९ पासून काही मोक्याच्या चढांच्या माथ्यावर ८, ५ आणि २ सेकंद ठेवले, म्हणजे मोठी नावं शेवटच्या किलोमीटरची वाट न बघता आधीच भिडावीत.

इतके आकडे ऐकून डोकं भणभणलं असेल, तर आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात एक काल्पनिक शर्यत काढून बघू. तीन दिवसांची. पहिला टप्पा वणीहून मारेगाव, पांढरकवडा करत यवतमाळला. दुसरा यवतमाळहून दारव्हा, दिग्रस असा पुसदला. तिसरा पुसदभोवतीच्या डोंगरांत चढ-उतारांचा, शेवट चढावर. दोन गडी नजरेत ठेवू. एक वणीकर: अंगानं दणकट, शेवटच्या दोनशे मीटरला वाघ. दुसरा पुसदकर: काटकुळा, सपाटीवर शांत, चढ दिसला की सुटला.

पहिल्या दिवशी घोळका एकत्र यवतमाळात शिरतो. दोघांना वेळ एकच. पण रेषेवर वणीकर पहिला, म्हणून त्याच्या खात्यात १० सेकंद. पुसदकर पंधरावा, त्याला शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघे अनोळखी पोरं घोळक्यातून फुटून पुढे निघतात आणि शेवटपर्यंत टिकतात. बोनस ते तिघे घेऊन जातात. आपले दोघे मागच्या घोळक्यात, सारख्याच वेळेत. तिसऱ्या दिवशी चढ लागतो. पुसदकर निसटतो आणि एकटाच वर पोचतो. वणीकर दात-ओठ खात त्याच्या मागे दुसरा येतो. पुसदकरला १० सेकंद, वणीकरला ६.

आता हिशेब. वणीकरचा एकूण बोनस १६, पुसदकरचा १०. म्हणजे सहा सेकंदांचा फरक वणीकरच्या बाजूनं. पुसदकरनं चढावर पाच सेकंदांची आघाडी घेतली असेल, तर रस्त्यावर तो पाच सेकंदांनी पुढे असूनही शर्यत एका सेकंदानं हरतो. सात सेकंदांची घेतली असेल, तर एका सेकंदानं जिंकतो. ताशी २० किलोमीटरच्या वेगानं चढताना एक सेकंद म्हणजे साडेपाच मीटर. पाच आणि सात यांच्यातलं अंतर झालं अकरा मीटर, एसटीच्या एका गाडीएवढं.

आणि बरोबर सहा सेकंदांची घेतली असेल तर? एकूण वेळ अगदी सारखा. मग नियम आधी टाइम ट्रायलमधले सेकंदांचे अंश शोधतो. पटातले शतांश इथं उपयोगी पडतात. आपल्या शर्यतीत टाइम ट्रायलच नव्हती. अशा वेळी प्रत्येक टप्प्यातल्या क्रमांकांची बेरीज करतात. ज्याची बेरीज लहान, तो जिंकला. वणीकर पहिल्या दिवशी पहिला आणि पुसदकर पंधरावा, तेव्हा बाजी बहुधा वणीकरचीच.

ही गंमत कागदावरची नाही. ऑस्ट्रेलियातल्या टूर डाउन अंडर शर्यतीत २०१८ साली नेमकं असंच झालं. विलुंगा हिल या नावाजलेल्या चढावर रिची पोर्टनं टप्पा मारला. दक्षिण आफ्रिकेचा डॅरिल इंपी आठ सेकंद मागे, पण दुसरा. पोर्टचे १०, इंपीचे ६ आणि इंपीनं आधीच्या टप्प्यांत जमवलेले सेकंद, सगळं धरून बेरीज झाली आणि दोघांचा एकूण वेळ सारखा निघाला. टप्प्यांतले क्रमांक मोजले, इंपी विजेता ठरला. पोर्टला त्या चढावर आणखी एक सेकंद काढता आला असता, तर इतिहास वेगळा लिहावा लागला असता. तिथं तो वर्षानुवर्षं जिंकत आलेला होता, हे त्याच्या दुःखात भर घालणारं.

बोनसमुळे निकाल बदलतो, हे झालं. त्याहून जास्त बदलतो तो स्वारांचा वागण्याचा ढंग, आणि बघणाऱ्याला खरी मजा तिथं आहे. आपल्या काल्पनिक शर्यतीत दुसऱ्या दिवशी पुढे निघालेली तीन पोरं आठवा. वणीकरच्या संघानं त्यांना का जाऊ दिलं? ती क्रमवारीत खूप मागे होती, त्यांच्यापासून धोका नव्हता, आणि त्यांनी १०, ६, ४ हे तिन्ही बोनस गिळून टाकले. पुसदकरला मिळू शकणारे सेकंद बाजारातूनच गायब! आघाडीवर असलेल्याचा संघ असा उदार दिसतो, तेव्हा तो उदार नसतो, हिशेबी असतो. उलट ज्याला सेकंद हवेत त्याचा संघ छाती फुटेस्तोवर पाठलाग करतो. टीव्हीवर मात्र दिसतं ते इतकंच, की दोन वेगळ्या रंगांचे संघ काही कारण नसताना घोळका ओढताहेत.

आपल्याकडे हे बघायची सवय लागायला वेळ लागेल, कारण महाराष्ट्राची सायकल-परंपरा एका दिवसाच्या शर्यतींची आहे. मुंबई-पुणे शर्यत १९४५ पासूनची. बोरघाट सर्वांत आधी चढणारा 'घाटाचा राजा', आणि त्या पदवीचं बक्षीस वेगळं. पण ते बक्षीस खिशात जातं, घड्याळात जात नाही. घाटाचा राजा झालेला स्वार पुण्यात दहावा आला, तर तो दहावाच. बहुटप्पा शर्यत वाटेतलं बक्षीस वेळेत देते, म्हणून तिथं घाटाचा राजा आणि शेवटचा राजा यांच्यात नातं जुळतं. पुणे ग्रँड टूर ही पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय शर्यत जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झाली, तेव्हापासून हा हिशेब मराठी मुलखाच्या रस्त्यावर आला आहे.

विदर्भाचं म्हणाल, तर आमच्याकडे शर्यतींची लांबीच अशी की सेकंद कुणी विचारत नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या रेस अक्रॉस अमेरिका शर्यतीत एकट्यानं उतरले आणि बारा दिवसांच्या मुदतीत पोचले. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ट्रान्स-सायबेरियन शर्यत पूर्ण केली. तीही बहुटप्पाच, पण टप्पे १५ आणि अंतर ९,१०० किलोमीटरच्या घरात. त्यातला एक टप्पा तर हजार किलोमीटरहून लांब. अशा ठिकाणी दहा सेकंदांचा बोनस देणं म्हणजे समुद्राला अर्घ्य. दोन स्वारांत तासांचं अंतर पडतं, आणि झोप किती घेतली यावर निकाल ठरतो. बोनसला जागा मिळते ती ताकद तुल्यबळ असलेल्या आणि घोळक्यानं चालणाऱ्या शर्यतीतच.

तुल्यबळ म्हणजे किती, याचं उदाहरण २०२३ च्या टूर दे फ्रान्सचं. तेरा टप्पे झाल्यावर डेन्मार्कचा योनास विंगेगो आणि स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार यांच्यात नऊ सेकंद होते. चौदाव्या टप्प्यात ज्वू प्लान या चढाच्या माथ्यावर बोनस ठेवलेला. पोगाचारनं माथ्याजवळ झेप घेतली, पण पुढे छायाचित्रकारांच्या मोटरसायकली अडकून पडलेल्या. झेप वाया गेली. माथ्यावर विंगेगो पहिला, त्याला ८, पोगाचारला ५. उतरून मोर्झीनला पोचले, तर कार्लोस रोद्रीगेस आधीच जिंकून गेलेला. पोगाचार दुसरा, ६. विंगेगो तिसरा, ४. बारा वजा अकरा. दिवसभर दोघांनी एकमेकांच्या नरड्यावर बसून केलेल्या लढाईचं फळ काय, तर नऊचे दहा सेकंद झाले! पुढच्या तीनच टप्प्यांत सगळं फिरलं. विंगेगोनं टाइम ट्रायलला पोगाचारला मागे टाकलं, पुढच्या डोंगरात पोगाचार कोलमडला आणि पॅरिसला अंतर ७ मिनिटं २९ सेकंद झालं. भरल्या गाड्याला सूप जड नाही, ते असं.

गाडा रिकामा असला की मात्र सूपच सगळं ठरवतं. २०११ च्या स्पेनच्या व्हुएल्टा या बहुटप्पा शर्यतीत त्या वेळी बोनस २०, १२, ८ असे होते. हुआन होसे कोबोनं आंग्लिरू हा भिंतीसारखा चढ जिंकला. दोन टप्प्यांनंतर पेन्या काबार्गाच्या चढावर क्रिस फ्रूमनं त्याला हरवलं, पण रस्त्यावर अंतर किती? एक सेकंद. फ्रूमला २० मिळाले, कोबोलाही दुसरा आला म्हणून १२. शर्यत कोबोनं १३ सेकंदांनी जिंकली. बोनस काढून टाकले, तर फ्रूम पुढे निघतो. चढावरच्या टप्प्याला बोनस देऊ नये असं माझं मत आहे, ते अशा निकालांमुळेच. चढावर जो बळकट असतो तो अंतर स्वतःच काढतो. त्याला आणखी सेकंद म्हणजे एकाच कामाची दोनदा मजुरी. बोनस सपाटीसाठी ठेवावा, जिथं घोळका सगळ्यांना सारखं करून टाकतो. यजमान डोंगराळ गावांना हे पटणार नाही, हेही खरं. कोबोचा विजय पुढे टिकला नाही. २०१९ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात तो निकाल रद्द झाला आणि आठ वर्षांनी शर्यत फ्रूमच्या नावावर लागली. पण ती दुरुस्ती रक्ताच्या अहवालांनी केली, घड्याळानं नाही.

मला स्वतःला सर्वांत जास्त चुटपुट लावणारी गोष्ट स्पेनच्या अल्बेर्तो कॉन्तादोरची. पॅरिस-नीस ही मार्च महिन्यातली आठवडाभराची शर्यत. २०१६ मध्ये शेवटच्या दिवशी त्यानं जिवाची बाजी लावली आणि गेरेंट थॉमसकडून चार सेकंदांनी हरला. २०१७ मध्ये पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा नीसमागचे डोंगर, पुन्हा तो मागे आणि पुन्हा तो सुटला. या वेळी आघाडीवर कोलंबियाचा सेर्खिओ एनाओ. कॉन्तादोरबरोबर पुढे राहिला तो दाविद दे ला क्रूस. तोही स्पेनचाच, पण संघ वेगळा. सायकलच्या दुनियेत अशा वेळी कधीकधी एक गडी टप्पा सोडतो आणि दुसरा पुढे कधीतरी त्याची परतफेड करतो. दे ला क्रूसला त्या दिवशी कसली उधारी ठेवायची नव्हती. समुद्राकाठच्या रस्त्यावर दोघे एकदम रेषेकडे धावले आणि दे ला क्रूस चाकभर पुढे निघाला. पहिल्याला १०, दुसऱ्याला ६. मग कॉन्तादोर मागे वळून बघत राहिला, एनाओ किती वेळानं येतो ते. एनाओ आला, बेरीज झाली, आणि कॉन्तादोर दोन सेकंदांनी हरला होता.